गव्हाणचा नकाशा आणि तरुणांचा मशवरा

पनवेल तालुक्यातले गव्हाण हे खाडीकाठचे जुने गाव. शेलघर, न्हावेखाडी, बामणडोंगरी ही त्याच्या आसपासची गावे. हा सारा पट्टा आगरी, कोळी आणि कराडी समाजाचा. भरतीचे खारे पाणी अडवायला घातलेले बांध, त्या बांधांच्या आत पिकणारे भात, मिठागरे आणि खाडीतली मासळी यांच्यावर इथल्या पिढ्या जगल्या. आज या भागाचे चित्र बदलले आहे. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी खारकोपरपर्यंत लोकल आली. १२ जानेवारी २०२४ रोजी ती उरणपर्यंत गेली आणि त्याच दिवशी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. डिसेंबर २०२५ पासून जवळच्या नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागली.

हे सारे अचानक घडलेले नाही. या भागाचे काय करायचे, शहर कुठे वसवायचे, रस्ता कुठून न्यायचा, शेती कुठली घ्यायची याचे निर्णय १९७० च्या सुमारास कागदावर उतरले होते. त्या वेळी गव्हाणमध्ये अठरा वर्षांचा असलेला कोणताही मुलगा आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याचे सारे आयुष्य त्या नकाशात गेले. पण नकाशा काढताना त्याला कोणी विचारले होते का? या लेखात आम्ही एवढ्याच प्रश्नाचा मागोवा घेणार आहोत. ज्यांना एखाद्या निर्णयात सर्वांत जास्त काळ जगायचे असते, त्यांना तो निर्णय घेताना स्थान असते की नसते?

मुस्लिम लेखकांच्या वार्षिकात आगरी-कोळ्यांच्या गावाची चर्चा कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण साधे आहे. गव्हाणच्या गावकीत जे घडते तेच आमच्या जमातीत घडते. गावकीच्या बैठकीला उंबऱ्यामागे एक माणूस बसतो आणि तो घरातला कर्ता पुरुष असतो. आमच्या कोकणातल्या जमातुल मुस्लिमीनची रीतही बहुधा हीच. दोन्हीकडे घरे मोजली जातात, माणसे मोजली जात नाहीत. भरतीने बांध फुटला की मात्र घरातला धडधाकट पोरगा आधी धावतो. श्रम तरुणाचे आणि निर्णय वडीलधाऱ्यांचा, ही वाटणी इतकी जुनी आहे की तिच्यात काही चुकते आहे असे कुणाच्या मनातही येत नाही.

चोवीस वर्षांचा युसुफ

या वाटणीला नकार देणारा एक माणूस आमच्याच समाजात होऊन गेला आणि त्याच्या नावाची संस्था याच पनवेल तालुक्यात आहे. मुंबई-गोवा रस्त्याने कर्नाळा ओलांडून पुढे गेले की तारा हे गाव लागते. तिथे युसुफ मेहेरअली सेंटर आहे. रस्त्याने जाणारे अनेकजण तिथे थांबून घाणीचे तेल आणि साबण घेतात. पण ज्याचे नाव पाटीवर आहे तो कोण, हे आमच्या मुलांना विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही.

युसुफ मेहेरअली यांचा जन्म २३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईत एका सधन खोजा कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले, पुढे कायदाही शिकले. मात्र त्यांच्या राजकीय हालचालींमुळे त्यांना वकिलीची सनद नाकारण्यात आली. १९२८ साली त्यांनी बॉम्बे यूथ लीग उभी केली. तेव्हा त्यांचे वय होते चोवीस.

त्या वेळचा प्रसंग आठवून पाहू. भारताला पुढे किती अधिकार द्यायचे हे ठरवण्यासाठी ब्रिटिश सरकारने सायमन कमिशन नेमले होते आणि त्यात एकही भारतीय नव्हता. ज्यांच्या भविष्याचा निर्णय व्हायचा त्यांनाच त्या मंडळात जागा नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये मद्रासच्या अधिवेशनात काँग्रेसने या कमिशनवर बहिष्कार टाकण्याचे ठरवले. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी कमिशन मुंबईच्या बंदरात उतरणार होते. बहिष्काराचा ठराव ज्येष्ठांचा होता, पण बंदरावर तो प्रत्यक्षात कसा आणायचा हे तरुणांनी ठरवले. होड्यांतून समुद्रात जायचे आणि कमिशनला पाण्यातच गाठायचे, असा बेत झाला. तो बेत पोलिसांना कळला. तेव्हा या मुलांनी दुसरा बेत आखला आणि ते हमालांच्या वेशात बंदरावर शिरले. ‘सायमन गो बॅक’ ही घोषणा तिथे घुमली. लाठ्या बसल्या. ही घोषणा पुढे साऱ्या देशाने उचलली आणि तिचे श्रेय इतिहासाने मेहेरअलींना दिले.

या प्रसंगाची आठवण आपण बहुधा शौर्यकथा म्हणून काढतो. आम्हाला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. या तरुणांपैकी बहुतेकांना तेव्हा मताचा अधिकारही नव्हता. मतदान मालमत्ता आणि कर यांच्याशी बांधलेले होते. कायद्याच्या दृष्टीने ज्यांचे मत शून्य होते त्यांनी किती माणसे, कोणती वेळ, कोणता मार्ग, बेत फसला तर पुढे काय, याचा विचार केला. म्हणजे नियोजन केले. दुसऱ्याने आखलेल्या मोर्चात ओरडायला ते गेले नव्हते.

याचा परिणाम पुढच्या आयुष्यावर झाला. १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला तेव्हा मेहेरअली त्याच्या संस्थापकांपैकी होते. १९३८ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात भरलेल्या जागतिक युवक परिषदेत त्यांनी भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व केले. १९४२ साली मुंबईच्या महापौरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले तेव्हा ते लाहोरच्या तुरुंगात होते. सुटून आले आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी महापौर झाले. जपानी हल्ल्याच्या भीतीने लोक मुंबई सोडून जात होते, अशा काळात त्यांनी शहराची जबाबदारी घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘क्विट इंडिया’ ही घोषणा आली. ती सुचवण्याचे श्रेयही त्यांच्याच नावावर आहे. २ जुलै १९५० रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी ते गेले.

चोविसाव्या वर्षी बंदरावर निर्णय घेणारा माणूस अडतिसाव्या वर्षी शहर चालवू शकला, कारण मधली चौदा वर्षे त्याने निर्णय घेण्याची सवय केली होती. पोहायला शिकायचे तर पाण्यात उतरावे लागते. निर्णयाचेही तसेच आहे. ‘आधी शहाणा हो, मग बैठकीत ये’ असे आपण मुलांना सांगतो. पण बैठकीतच बसू दिले नाही तर तो शहाणपणा यायचा कुठून?

शहराचा नकाशा आणि सातबारा

आता गव्हाणकडे परत येऊ. १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मुंबईच्या खाडीपलीकडे जोडशहर उभारण्याची कल्पना मांडली. कोरिया आणि पटेल तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेरचे होते. शासनाने ती कल्पना उचलली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि पटेल व कोरिया यांच्यावर मोठी जबाबदारी सोपवण्यात आली. तरुण माणसांवर विश्वास टाकून त्यांना आखणीच्या टेबलाशी बसवले, ही गोष्ट शासनाच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. त्या आखणाऱ्यांची नियत वाईट होती असेही आम्ही म्हणणार नाही. मुंबईवरचा भार हलका व्हावा, सामान्य माणसाला घर मिळावे असाच त्यांचा हेतू होता.

पण ज्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहणार होते, तिथल्या तरुणांना त्या टेबलाशी जागा नव्हती. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ही गावे. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश. भूसंपादन १८९४ च्या कायद्याने झाले. त्या कायद्यात हरकत घेण्याचा अधिकार होता, पण तो जमिनीशी हितसंबंध असलेल्याला. नोटीस निघे ती सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या नावाने. बाप हयात असेपर्यंत मुलाचे नाव सातबाऱ्यावर सहसा येत नाही आणि मुलीचे तर नंतरही अनेकदा येत नसे. नगररचनेच्या १९६६ च्या कायद्यात आराखड्यावर सूचना आणि हरकती मागवण्याची तरतूद होती. ती सर्वांसाठी होती. पण आराखडा राजपत्रात प्रसिद्ध होणार, आणि राजपत्र खाडीकाठच्या मुलाच्या हाती पडणार कधी?

१९७० साली अठरा वर्षांच्या त्या मुलाची स्थिती पाहा. मताचे वय तेव्हा एकवीस होते, म्हणून त्याला मत नव्हते. ग्रामसभा मतदारांची, म्हणून तो ग्रामसभेत नव्हता. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून त्याला नोटीस नव्हती. गावकीत उंबऱ्यामागे एक माणूस आणि तो त्याचा बाप, म्हणून तिथेही तो नव्हता. शासनाने त्याला वगळले आणि गावानेही वगळले. दोघांच्या कागदावर तो कुठेच नव्हता, आणि जमीन मात्र त्याच्याच भविष्यातून वजा होत होती.

त्याला जागा मिळाली ती रस्त्यावर. जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी लढा दिला. १६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळ दास्तान फाट्याला आणि दुसऱ्या दिवशी पागोट्याला गोळीबार झाला. दोन दिवसांत पाच माणसे गेली. १९७० मध्ये अठरा वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली. ती या पट्ट्याची मोठी कमाई आहे आणि तिच्यासाठी रक्त सांडले आहे. पण तिचा क्रमही पाहा. आधी निर्णय झाला, मग संताप आला, मग गोळीबार झाला आणि शेवटी दुरुस्ती झाली. जे बोलणे चौदा वर्षांपूर्वी बैठकीत व्हायचे ते गोळीबारानंतर झाले.

तरुणांना न विचारता केलेल्या आखणीची आणखी एक खूण या गावांत आजही दिसते. जुन्या गावठाणाच्या हद्दी तशाच राहिल्या आणि कुटुंबे वाढत गेली. मुलांची लग्ने झाली, घरे अपुरी पडली. लोकांनी गावठाणाबाहेर घरे बांधली. त्या घरांना इथे नावच पडले आहे, ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. कायद्याच्या भाषेत ती अनधिकृत ठरली. ती नियमित करण्यासाठी शासनाने वेळोवेळी निर्णय काढले, तरी तो प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. नव्या शहरात वीस लाख माणसे कुठे राहतील याचा हिशेब आराखड्यात होता. गावातला पोरगा उद्या लग्न करील आणि त्याला दोन खोल्या लागतील, एवढा साधा हिशेब मात्र नीट झाला नाही. वीस वर्षांच्या चार मुलांना बैठकीला बोलावले असते तर त्यांनी तो पहिल्याच दिवशी सांगितला असता.

कायद्याने उघडलेले दार

यानंतरच्या काळात कायदा बदलत गेला. घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीने मताचे वय एकविसावरून अठरावर आले. ती २८ मार्च १९८९ पासून लागू झाली. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने पंचायतींना घटनेचा आधार दिला, ग्रामसभेला स्थान दिले आणि पंचायतीची निवडणूक लढवण्यासाठी एकवीस वर्षे पुरेशी ठरवली. विधानसभेला पंचवीस वर्षे लागतात, पंचायतीला एकवीस. म्हणजे घटनेनेच गावाच्या कारभारात तरुणाला चार वर्षे आधी आत घेतले. मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे असे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत नमूद आहे, आणि डिसेंबर १९९२ मध्ये भारताने ती संहिता स्वीकारली.

भूसंपादनाचा १८९४ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून गेला आणि २०१३ चा नवा कायदा आला. त्यात एक व्याख्या आहे, जिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. बाधित कुटुंब कोणते हे सांगताना कायदा म्हणतो की सज्ञान व्यक्ती, स्त्री असो वा पुरुष, विवाहित असो वा नसो, हे स्वतंत्र कुटुंब मानावे. उंबऱ्यामागे एक माणूस ही रीत इथे मोडली. अठरा वर्षांची मुलगी बापाच्या घरात राहत असली तरी पुनर्वसनाच्या हिशेबात ती स्वतंत्र मोजली जाणार. गव्हाणसारख्या गावांनी जे भोगले त्याचे पडसाद या कायद्यात दिसतात, असे म्हटले तर चूक होणार नाही.

पण कायद्याने दार उघडले म्हणून माणूस आत येतोच असे नाही. ग्रामसभा भरते ती कामाच्या दिवशी भर दुपारी. मुले कॉलेजात किंवा नोकरीला. जे येतात ते मागे भिंतीला टेकून उभे राहतात. पुढच्या खुर्च्या ठरलेल्या असतात. एखादा पोरगा उठून बोलला तर ‘तू कुणाचा रे?’ असा प्रश्न येतो. त्याने काय म्हटले याला उत्तर न देता त्याचा बाप कोण हे विचारले जाते. म्हणजे पुन्हा उंबराच मोजला.

आपल्या घरातला इतिहास

ही वडीलधाऱ्यांच्या मानाची रीत आहे, आपल्या संस्कृतीत आणि दीनमध्ये मोठ्यांचा आदर सांगितला आहे, असे आपण म्हणतो. आदराबद्दल वादच नाही. पण आदर करणे वेगळे आणि तरुणाला मशवऱ्यातून बाहेर ठेवणे वेगळे. इस्लामचा आरंभीचा इतिहास वाचला तर या दुसऱ्या रीतीला तिथे आधार सापडत नाही.

हिजरी सन ३ मध्ये, म्हणजे इ.स. ६२५ मध्ये, मक्केचे सैन्य मदिनेवर चालून आले. शहरात राहून लढायचे की बाहेर पडून, यावर मशवरा झाला. पैगंबर मुहम्मद (स.) यांचा स्वतःचा कल शहरात राहण्याकडे होता आणि अनेक ज्येष्ठांचेही तेच मत होते. बद्रच्या लढाईत भाग घेण्याची संधी हुकलेल्या तरुणांनी बाहेर पडण्याचा आग्रह धरला. पैगंबरांनी तो मान्य केला. उहुदच्या त्या लढाईत मुस्लिमांचे मोठे नुकसान झाले, सुमारे सत्तर साथीदार शहीद झाले.

आपल्या एखाद्या जमातीत असे घडले असते तर पुढची पन्नास वर्षे ऐकवले गेले असते, की पोरांचे ऐकले आणि घात झाला. तिथे काय झाले? उहुदनंतरच्या वचनांत, सूरह आले-इमरानमध्ये, पैगंबरांना सांगण्यात आले की या लोकांना माफ करावे आणि कामकाजात त्यांच्याशी मशवरा करीत राहावे. नुकसान झाल्यावरही मशवरा थांबला नाही. आमच्या मते या साऱ्या विषयाचा गाभा या एका घटनेत आहे. तरुणांचा निर्णय चुकू शकतो. म्हाताऱ्यांचाही चुकतो. चूक झाली म्हणून विचारणे बंद करायचे नसते.

आणखी दोन दाखले सर्वांना माहीत आहेत. आयुष्याच्या अखेरीस पैगंबरांनी सैन्याचे नेतृत्व हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांना दिले. त्यांचे वय जेमतेम अठरा-वीस. त्यांच्या हाताखाली वयोवृद्ध आणि नामांकित साथीदार होते. कुजबुज झाली, पण निर्णय बदलला नाही. पुढे खलीफा झालेल्या हजरत अबू बक्र (रजि.) यांनी तो कायम ठेवला. हजरत उमर (रजि.) यांना मदिनेत ठेवून घ्यायचे होते, तर त्यासाठी खलीफांनी या तरुण सेनापतीची परवानगी मागितली. दुसरा दाखला हजरत उमर यांच्याच काळातला. बद्रच्या ज्येष्ठांच्या बैठकीत ते तरुण इब्न अब्बास यांना बसवत. ज्येष्ठांना ते खटकले. तेव्हा उमर यांनी भर बैठकीत एक प्रश्न विचारून या तरुणाची समज सर्वांना दाखवून दिली. त्यांनी त्याला पाणी द्यायला किंवा चपला सांभाळायला बसवले नव्हते.

जमातीची बैठक

आता आपल्या जमातींकडे वळू. मशिदीचे, दर्ग्याचे, मदरशाचे, कब्रस्तानचे विश्वस्त कोण असतात? अनेक ठिकाणी एकदा विश्वस्त झालेला माणूस मरेपर्यंत विश्वस्त राहतो आणि त्याच्यानंतर त्याचा मुलगा येतो. तो मुलगाही तोवर पन्नाशीला पोहोचलेला असतो. रमजानमध्ये इफ्तारची मांडणी करायला, चंदा गोळा करायला, मय्यतीला खांदा द्यायला, पूर आला की लोकांना बाहेर काढायला तरुण लागतात. हिशेब वाचायच्या दिवशी त्यांना बोलावले जात नाही. मुलींना तर वरची दोन्ही कामे नाहीत आणि बैठकही नाही.

याचे नुकसान दोन्ही बाजूंनी होते. जमातीकडे पैसा येतो, पण गरज बदलली हे बैठकीत बसलेल्यांना कळत नाही. मुलांना स्पर्धा परीक्षेची पुस्तके हवी असतात आणि जमात कमानीवर खर्च करते. शिक्षण सुटलेल्या मुलींची यादी कुणाकडेच नसते. दुसरीकडे, ज्याला घरात विचारले जात नाही तो तरुण विचारणाऱ्याच्या शोधात बाहेर पडतो. त्याला कुणीतरी गाठतेच. कधी ते निवडणुकीपुरते पोरे गोळा करणारे असते, कधी त्याच्या संतापाचा वापर करणारे. मग आपण म्हणतो, पोरे हाताबाहेर गेली. ती आपल्या हातात होती कधी? आपण त्यांचे फक्त खांदे वापरले.

महाराष्ट्रात याच्या उलट प्रयोग झाले आहेत. ४ जून १९४१ रोजी राष्ट्र सेवा दल उभे राहिले. तिथे शाखेतल्या मुलामुलींना चर्चा करायला, जबाबदारी घ्यायला शिकवले गेले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई याच मुशीतून आले. १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकच्या प्रश्नावर सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत निघाला तेव्हा दलवाई तेहतीस वर्षांचे होते. त्यांची सगळी मते पटोत वा न पटोत, एक गोष्ट नाकारता येत नाही. ज्या स्त्रियांच्या संसाराचा निर्णय तीन शब्दांत होत होता त्या स्त्रियांनी त्या दिवशी आपले म्हणणे स्वतः मांडले. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आपली भाषा आपण ठरवू, असा त्यामागचा निर्धार होता. समाजात नवे काही उभे राहिले ते असे, कुणी तरी परवानगीची वाट न पाहता टेबलाशी खुर्ची ओढून बसले म्हणून.

ताऱ्याच्या मेहेरअली सेंटरचेही तसेच आहे. १९६१ साली मेहेरअलींच्या सहकाऱ्यांनी ही संस्था स्थापन केली. तिचे आधारस्तंभ डॉ. जी. जी. पारीख १९४२ च्या लढ्यात तुरुंगात गेले तेव्हा कोवळ्या वयाचे विद्यार्थी होते. वयाची शंभरी गाठूनही ते नव्या मुलांशी बोलत राहिले. २ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. तरुणपणी ज्याला जागा मिळाली तो म्हातारपणी दुसऱ्याला जागा देतो, हे त्यांच्याकडे पाहून पटते. ज्याला ती कधीच मिळाली नाही तो साठीला खुर्ची मिळाल्यावर तिला घट्ट धरून बसतो. आपल्या विश्वस्तांना दोष देताना हेही लक्षात ठेवावे. त्यांनाही कुणी वेळेवर बोलावले नव्हते.

पुन्हा एक नकाशा

हा इतिहास आज सांगण्याचे कारण म्हणजे पनवेल, उरण आणि पेण तालुक्यांवर पुन्हा एक नकाशा येतो आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य शासनाने अटल सेतूच्या परिसरातल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमले. या वेळी गावकऱ्यांनी आधीच हरकती नोंदवल्या. १९७० च्या मानाने हा मोठा फरक आहे. त्या वेळच्या मुलाला राजपत्र माहीत नव्हते, आजच्या मुलाच्या हातातल्या फोनवर ते उघडते. आता त्याला मत आहे, ग्रामसभा आहे, २०१३ चा कायदा आहे. तरीही तो हरकतीचा अर्ज लिहून वडिलांच्या सहीसाठी पुढे करीत असेल आणि ग्रामसभेत मागे भिंतीला टेकून उभा राहत असेल, तर चोपन्न वर्षांत आपण काय कमावले?

आम्ही आमच्या जमातींना काही साध्या गोष्टी सुचवतो. विश्वस्तांची मुदत तीन वर्षांची ठेवावी. कार्यकारिणीत तिशीच्या आतल्या दोघांना घ्यावे आणि त्यात एक मुलगी असावी. त्यांना नुसते बसवू नये, एक काम पैशासकट पूर्ण त्यांच्या हाती द्यावे. शिष्यवृत्तीचा निधी द्यावा, कब्रस्तानची मोजणी आणि कागदपत्रे द्यावीत, अभ्यासिका द्यावी. वर्षाचा हिशेब सर्वांसमोर वाचावा आणि पहिला प्रश्न विचारण्याचा मान सर्वांत लहानाला द्यावा. त्यांचा एखादा निर्णय चुकेल. पैसे वायाही जातील. तेव्हा उहुद आठवावे.

आणि तरुणांनाही एक सांगणे आहे. मेहेरअलींनी बंदरावर जाण्याआधी होड्या मोजल्या होत्या. नुसता आवाज चढवून बैठकीत जागा मिळत नाही आणि मिळाली तरी टिकत नाही. आराखडा वाचा, सातबारा वाचा, जमातीची घटना मागवून वाचा. मुदतीच्या आत हरकत द्या. प्रश्न विचारताना त्याचे उत्तरही जवळ ठेवा.

गव्हाणच्या बांधावर भरतीचे पाणी कुणाचे वय विचारून येत नाही. बांध फुटल्यावर जो धावणार आहे, तो बांध कुठे घालायचा हे ठरवताना त्यालाही विचारलेले बरे.